त्रेसष्ट ‘इंटरेस्टेड’, आला एकच

‘ताई, मी पंचवीस वर्षांचा आहे. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जातो, घर पूर्व भागात. दोन वर्षं खपून एक शॉर्ट फिल्म लिहिली, अठरा पानं. माझी आजी जन्मभर विड्या वळायची. शेवटी शेवटी रेशन दुकानातल्या मशीनला तिचा अंगठाच लागेना. बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. दुकानदार म्हणायचा, “आज्जी, हात धुऊन या.” ती धुऊन यायची, परत तेच. एवढीच गोष्ट आहे.

‘फेब्रुवारीत मी फेसबुकवर आणि सात-आठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात टाकली. त्रेसष्ट जणांनी “इंटरेस्टेड” लिहिलं. पार्क चौकात चहाला बोलावलं तर अकरा आले. दुसऱ्या रविवारी तिघं. तिसऱ्या रविवारी एकच, आणि त्याला हिरो व्हायचं होतं. माझ्या फिल्ममध्ये हिरो नाहीच. आजीच्या रोलसाठी वस्तीतल्याच एखाद्या अम्माला घेईन, ती काही पैसे मागणार नाही. पुण्याच्या एका कॅमेरामनला फोन केला, तो दिवसाचे पंचवीस हजार म्हणाला. माझ्याकडे सगळे मिळून चाळीस हजार आहेत. सोलापुरात अशी माणसं नाहीतच का? नोकरी सोडून पुण्याला जाऊ का? जाहिरात आणि ती अठरा पानं सोबत जोडली आहेत.’

— आजीचा नातू, पूर्व भाग, सोलापूर

प्रिय नातवा,

जाहिरात वाचली. ‘शॉर्ट फिल्मसाठी टीम पाहिजे. कॅमेरामन, एडिटर, अ‍ॅक्टर सर्व. आवड असणाऱ्यांनीच संपर्क करावा. मानधन नाही पण नाव मिळेल.’ आता मला सांग, यात हो म्हणण्यासारखं काय आहे? किती दिवस, कुठल्या तारखा, कुठे, सकाळी किती वाजता, जेवण आहे की डबा आणायचा, काही म्हणजे काहीच नाही. गोष्टसुद्धा नाही. ‘इंटरेस्टेड’ लिहायला अंगठा पुरतो. ‘रविवारी सकाळी सहाला गाडी घेऊन येतो’ म्हणायचं तर घरी विचारावं लागतं, दुकानाची सुट्टी काढावी लागते. तू कुणालाच घरी विचारण्याइतकी माहिती दिली नाहीस. आणि ‘नाव मिळेल’ हे तर काढूनच टाक. तुझंच नाव अजून व्हायचंय, तू दुसऱ्याला कुठून देणार बे?

मला त्या अकरा जणांचा राग येत नाही. ते चहाला आले म्हणजे त्यांना खरंच काहीतरी करायचं होतं. पण त्या टेबलाभोवती अकरा दिग्दर्शक बसले होते, प्रत्येकाच्या खिशात स्वतःची गोष्ट. दुसऱ्याच्या गोष्टीसाठी स्टँड धरायला कुणीच आलं नव्हतं. रागावू नकोस, पण तूही त्यातलाच. तू आजवर कुणाच्या फिल्मवर एक दिवस तरी राबलास का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

म्हणून पहिलं काम जाहिरात नव्हे. तुझी फिल्म तीन-चार महिने कपाटात ठेव आणि दुसऱ्याच्या फिल्मवर जा. आपल्या विद्यापीठात पत्रकारितेची, मास कम्युनिकेशनची पोरं शिकतात. त्यांना प्रोजेक्ट म्हणून काही ना काही शूट करावंच लागतं, आणि त्यांच्याकडे नेहमी दोन गोष्टी कमी असतात: माणसं आणि जागा. तुझ्याकडे जागा आहे. चालू माग असलेली शेड, टॉवेलच्या गठ्ठ्यांनी भरलेलं गोडाऊन, मालकाशी बोलून आत नेणारा माणूस, हे जुळे सोलापूरच्या पोराला सहज मिळत नाही. विभागात जा आणि सांग, ‘मागाच्या कारखान्यात शूट करायचं असेल तर मी परवानगी काढून देतो, दिवसभर थांबतो, काय उचलायचं ते उचलतो.’ मग बघ. आणि त्या दिवशी तोंड बंद ठेवून डोळे उघडे ठेव. बारा वाजता उन्हाने सगळ्यांचं डोकं फिरलं की कोण चिडतो, कोण पाणी वाटतो, कोण पसारा आवरतो आणि कोण त्या वेळी सेल्फी काढतो. तुला हवी ती दोन माणसं तुला त्या दुपारी दिसतील. पार्क चौकातल्या चहावर ती कधीच ओळखू आली नसती.

दुसरी जागा हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागली की तिथे आपल्या गावातली हौशी मंडळी संध्याकाळी उभी असतात. अतुल कुलकर्णी इथल्याच नाट्य आराधना संस्थेत काम करत करत पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडी) गेले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तू नट शोधायला जाऊ नकोस. रंगमंचावरच्या माणसाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते. कॅमेरा दोन फुटांवर आला तरी ती सुटत नाही, सुटायला वेळ लागतो. तू मागे जा. विंगेत काळे कपडे घालून एक माणूस असतो. कुठली खुर्ची कधी आत न्यायची, कुणाचा चष्मा कुठे ठेवलाय, दुसऱ्या अंकाआधी कुणाला दटावायचं, हे सगळं त्याला पाठ असतं. बक्षीस समारंभात त्याचं नाव घ्यायचं राहून जातं. तो माणूस तुझ्या फिल्मचा असिस्टंट डायरेक्टर. त्याला हे पद म्हणतात हेही कदाचित माहीत नसेल. नाटक संपल्यावर सगळे नटाभोवती गोळा होतील, तेव्हा तू सेट उचलू लाग. ओळख तिथे होते.

आता कॅमेरा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तू सगळ्यात जास्त रडलास ते इथे.

सोलापुरात कॅमेरामन नाहीत? अरे, लग्नाचं शूटिंग करणारे गल्लोगल्ली आहेत. स्वतःचा चांगला कॅमेरा, दोन-तीन लेन्सा, कॅमेरा न हलता धरायचा गिंबल, एलईडी दिवे, बॅटऱ्यांचा ढीग. आणि त्यांचा हात कसा तयार झालाय ते लक्षात घे. मंगळसूत्र घालताना रीटेक नसतो. मध्ये मामा उभा राहिला तर त्याच्या बगलेतून शॉट काढावा लागतो. कार्ड भरलं, बॅटरी संपली, लाइट गेली, तरी काम थांबत नाही. पुण्यातून आलेल्या किती तरी पोरांना हे येत नाही. मी संकलक आहे, माझ्या टेबलावर सगळ्यांची पापं शेवटी येतात, म्हणून सांगते. त्यांची खोड एकच: सगळं गोड करतात. नवरीचं करता करता आजीचंही स्लो मोशन करतील, सुपावरची तेंदूची पानं धूसर करून मागे दिवे चमकवतील. त्यासाठी भांडू नकोस. पटकथा वाचायला देऊ नकोस, ते वाचणार नाहीत. आजीच्या हातांचा एखादा फोटो असेल तर तो दाखव आणि विचार, ‘ही बोटं कशी काढाल?’ ज्याला त्या फोटोकडे बघून दोन मिनिटं बोलवत नाही तो तुझा.

आणि तू विचारलंस कधी? फेब्रुवारीत! ऐन लग्नसराईत! तेव्हा शूटिंगवाला स्वतःच्या बायकोला भेटत नाही, तुला काय भेटणार. पंचांग बघ. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत आपल्याकडे मुहूर्त नसतात. काढीव मुहूर्तावर लावणारे लावतात, ते सोड. पण तुला एक गोष्ट वेगळी पाहावी लागेल, कारण तू पूर्व भागातला: तिथल्या तेलुगू समाजात श्रावणात लग्नं लागतात. म्हणजे अशोक चौकातला शूटिंगवाला आषाढात मोकळा, श्रावणात परत अडकलेला. त्यात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. मग गणपती. मग पितृपक्ष. पितृपक्षात कुणाकडेच काही नसतं. कॅमेरे बॅगेत, पोरं टपरीवर. तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो खरा, पण तुझी निम्मी फिल्म खोलीत आणि निम्मी रेशन दुकानात आहे. तुझे शूटिंगचे दिवस ते. आतापासून विचारून ठेव.

पैशाचं त्याला काय सांगायचं? खरं सांग. ‘दिवसाचा तुझा लग्नाचा भाव मला परवडत नाही, मी इतके देऊ शकतो, पेट्रोल आणि जेवण माझं, तीनच दिवस, चौथा मागणार नाही.’ आकडा लहान असला तरी चालतो, आकडा असायला हवा. फुकट आलेला माणूस दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही आणि आपल्याला रागवायचाही हक्क राहत नाही. ज्याला खरोखर पैसे नकोत त्याला बदल्यात श्रम दे. त्याच्या पुढच्या लग्नात एक दिवस लाइट धरायला जा. मी माझ्या पहिल्या कॅमेरामनच्या चुलत बहिणीच्या हळदीत तीन तास दिवा धरून उभी होते. साडीवर डाग पडले ते गेले नाहीत.

साउंडबद्दल तू पत्रात चकार शब्द काढला नाहीस. सगळ्यांनाच कॅमेरा आधी सुचतो. तुझ्या यादीत कॅमेरामन पहिला, एडिटर दुसरा, आणि आवाज घेणारा नाहीच. पूर्व भागात फिल्म करतोयस आणि आवाजाचा माणूस नाही! शेजारच्या शेडमधले माग खटखट खटखट चालू असताना आजी पुटपुटते, आणि ते तू कॅमेऱ्यावरच्या माइकने घेणार? माझ्याकडे अशी फाइल आली तर मी परत पाठवते. अंधुक चित्र माणूस सहन करतो, न कळलेला शब्द नाही. आवाजाचा माणूस सोलापुरात कुठे मिळेल? भजनी मंडळाचं, कीर्तनाचं, ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग करणारी छोटी स्टुडिओवाली मंडळी आहेत. त्यांना सिनेमाचा साउंड येत नसेल, पण कान असतात. त्यातला एखादा पोरगा बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरायला तयार झाला तर त्याला एक दिवस आधी त्या खोलीत नेऊन नुसतं बसव, डोळे मिटून. फॅन, फ्रीज, मागचा माग, वरची कबुतरं, काय काय ऐकू येतं ते त्याला लिहून काढू दे. मग ठरवा. माग चालू असतानाचे शॉट संवादाशिवाय घ्या, मागाचा आवाज वेगळा भरून ठेवा, आणि बोलायचे प्रसंग मागाला सुट्टी असेल त्या दिवशी. ‘पाच मिनिटं बंद ठेवा हो’ म्हणून चालू माग थांबवायला जाऊ नकोस. थांबलेल्या मागाचं नुकसान मालकाचं आणि कामगाराचं दोघांचं असतं, हे तुला मी काय सांगायचं.

तेच आजीच्या भूमिकेचं. तू लिहितोस, ‘आजीच्या रोलसाठी वस्तीतल्याच एखाद्या अम्माला घेईन, ती काही पैसे मागणार नाही.’ हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. थोड्या वेळाने परत उचललं, कारण तू मुद्दाम लिहिलेलं नाहीस हे कळतं. विडीची मजुरी हजारावर असते. ती अम्मा तुझ्याकडे दिवसभर बसली तर तिच्या तेवढ्या विड्या वळल्या जाणार नाहीत, आणि कारखान्यात माल कमी गेला की बोलणी तीच खाणार. कॅमेरामनचा आकडा ठरवायच्या आधी तिचा आकडा ठरव. किमान हजार विड्यांची मजुरी, त्यावर मानधन, आणि ते त्याच संध्याकाळी हातात, रोख. बाकीचे लोक तुझ्याकडे हे बघत असतात. तू त्या बाईशी कसा वागतोस यावरून स्टँड धरणारा पोरगा दुसऱ्या दिवशी यायचं की नाही ते ठरवतो.

एक शंका. तुझी आजी घरात तेलुगूत बोलत असणार. रागावली की तर नक्कीच. मग अठरा पानांत ती सदाशिव पेठेतल्यासारखं मराठी का बोलते? ‘मला हे सहन होत नाही’ असं कुठली विडी कामगार बाई म्हणते? तुझा पहिला सहकारी कॅमेरामन नाहीच. तुझ्या गल्लीतली कुणी मावशी, आत्या, जी तुझी पानं ऐकून हसेल आणि सांगेल, ‘असं नाही बोलत रा.’ सोलापूरचं तेलुगू हैदराबादचं नाही, त्यात मराठी किती मिसळलीय ते तिलाच माहीत. तिला संवाद दुरुस्त करायला बसव, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव लिही. खाली मराठी सबटायटल येतीलच. दुकानदार मराठीत, आजी तेलुगूत, मध्ये तो दोन्हीकडचा नातू, आणि मशीन कुठल्याच भाषेत ऐकत नाही. मला तर यात तुझी फिल्म आत्ताच्यापेक्षा चांगली दिसते. पण ते तुझं काम.

कागदाचं बोलू. मी एकदा चार मित्रांबरोबर फिल्म केली होती. कॅमेरा एकाचा, पैसे दुसऱ्याचे, गोष्ट माझी, आणि दिग्दर्शन ‘आपण सगळे मिळून’. शेवटच्या दिवशी नाव आधी कुणाचं यावरून वाजलं. ज्याच्या कपाटात हार्ड डिस्क होती त्याने कपाट उघडलं नाही. आजतागायत नाही. कुणीच काही लिहून घेतलेलं नव्हतं, म्हणून कुणाचं चुकलं हेही सांगता येत नाही. तेव्हापासून मी मैत्रीत आधी कागद मागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा पहिला मालक निर्माता धरला जातो, आणि पटकथा तिच्या लेखकाची. हक्क कुणाला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. तेव्हा मित्राने संगीत करून दिलं तर ‘कायमचं, जगभरासाठी’ असं सरळ लिहून घे, नाहीतर सहाव्या वर्षी परत त्याच्या दारात. बाकी एक पान पुरे: कोण काय करणार, किती दिवस, किती पैसे, नाव कसं लागणार, फुटेजच्या दोन प्रती कुणाकुणाकडे राहणार. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. वकिली मराठी नको, आपण बोलतो तसं लिही. सही करायला ज्याला अपमान वाटतो तो सुरुवातीलाच कळलेला बरा.

माणसं जमली की लगेच तीन दिवसांचं शूट लावू नकोस. आधी एक सकाळ. फिल्ममधला एकच प्रसंग, हात धुऊन परत येण्याचा, एक मिनिटाचा. रेशन दुकान नसलं तरी चालेल, कुणाची तरी खोली आणि टेबल. त्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे येतात का ते तेव्हाच कळेल (कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवायला सांग, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची). कोण उशिरा येतो, कोण न सांगता खिळा ठोकतो, तू स्वतः किती ओरडतोस, हेही. ती एक मिनिटाची फाइल जोडून मगच दुसरी जाहिरात लिही. त्यात ती फाइल, तीन तारखा, नेमकं कोण हवंय, किती देणार आणि जेवण काय. त्रेसष्ट येणार नाहीत. चार येतील, आणि ते चार तारखा वाचून आलेले असतील.

पुण्याला जाऊ का, याचं उत्तर लवकर देते: नोकरी सोडून नको. तुला नागराज मंजुळे आठवत असणार, आपल्याच जिल्ह्यातले, जेऊरचे, म्हणून थोडं. त्यांची पहिली शॉर्ट फिल्म नगरला कम्युनिकेशनचा अभ्यासक्रम करताना झाली. शिकायला गेलं की वर्गमित्र मिळतात, तारीख मिळते, नापास व्हायची भीती मिळते. नुसतं शहरात जाऊन राहिलं की भाड्याची खोली मिळते. पुण्याच्या एफटीआयआयचे, म्हणजे सरकारी फिल्म संस्थेचे, छोटे कोर्स असतात, आठवडा-दोन आठवड्यांचेही. एखादा कर, रजा काढून. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलास की दुपारच्या आत पोचतोस. तिथे शिक्षकांपेक्षा शेजारी कोण बसलंय त्याच्याशी ओळख ठेव. आणि पंचवीस हजारवाल्या दादाला शिव्या देऊ नकोस. तो त्याच्या जागी बरोबर आहे, तो फक्त तुझ्या फिल्मचा नाही.

संकलक शोधायची अजून घाई करू नकोस. ती एक मिनिटाची फाइल झाली की माझ्याकडे या सदराच्या पत्त्यावर पाठव. पेन ड्राइव्हवर, आणि आवाज वेगळा.

आणि एक राहिलं. आजीचं सूप घरात अजून आहे का? कडेला कापड शिवलेलं, तंबाखूचा वास मुरलेलं. दिवाळीच्या साफसफाईत आई काढून टाकेल, आजच मागून घे. पानं कापायची कात्री आणि मापाचा पत्राही. बाजारातून आणलेलं नवं सूप कॅमेऱ्यात लगेच कळतं.

— तुझी ताई